तंबूतली काळी पहाडी

१९९४ सालच्या पौषातली गोष्ट. मी नववीत होतो. अक्षर बरं होतं म्हणून शाळेतल्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायचो, आणि आवाज नुकता फुटला होता म्हणून तो सारखा वापरून बघायची खोड लागली होती. या दोन गुणांवर मला आयुष्यातली पहिली नोकरी मिळाली. पाच दिवसांची. रोजचे पंधरा रुपये, आणि घरातल्या सगळ्यांना टुरिंग टॉकीजचे फुकट पास.

आमचा भाग माणदेशाच्या कडेचा. पाऊस कमी, दगड जास्त. पण जत्रा मात्र दणक्यात. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघाला, की एकामागनं एक गावं लागायची. बैलबाजारवाले, पाळणेवाले, बांगड्यावाले आणि सिनेमाचे तंबू त्याच क्रमानं फिरत यायचे. आमच्या गावाची जत्रा पौषी पुनवेची. ओढ्याच्या अलीकडच्या पड रानात तंबू उभा राहायचा. आधी ट्रक यायचा, मग खांब रोवले जायचे, मग ते मेणचटलेलं, जागोजाग ठिगळं लावलेलं कापड वर चढायचं. ट्रकच्या पाठीवरच प्रोजेक्टर. आत कार्बनच्या कांड्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून जळायच्या आणि त्या उजेडावर पिक्चर चालायचा. कांडी झिजली की पडद्यावरचा हिरो पिवळा पडायचा. मग पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि ऑपरेटर शिव्या देत कांडी पुढं सरकवायचा. बसायला जमीन. मधोमध दोरीवर जुनी चादर टाकलेली. अलीकडं बापे, पलीकडं बाया.

त्या वर्षी मालकाचा पेंटर तापानं आजारी पडून मागच्याच गावात राहिला होता. मालक शाळेत आला आणि गुरुजींना म्हणाला, "एखादं बऱ्या अक्षराचं पोरगं द्या." गुरुजींनी मला पुढं केलं.

माझं काम दोन भागांत. सकाळी बोर्ड रंगवायचा आणि दुपारी टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून वाड्यावस्त्यांवर भोंग्यावरनं ओरडायचं. पहिले दोन दिवस सोपे गेले. एक दादा कोंडक्यांचा आणि एक 'माहेरची साडी'. त्याला सांगावंच लागायचं नाही. 'माहेरची साडी' म्हटलं की बाया भाकरी अर्धी टाकून निघायच्या. पदर डोळ्याला लावायला आधीच मोकळा करून. तिसऱ्या दिवशीच्या डब्यांवर नाव होतं 'बंद दरवाजा'.

"हे भुताचं हाय," मालक म्हणाला. "ह्याला ओरडायला लागतं."

पिक्चर १९९० सालचा. रामसे बंधूंचा, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन केलेला. तंबूत येईपर्यंत प्रिंट चार वर्षं मार खाऊन आलेली. तिच्यावर इतक्या रेघा होत्या, की प्रत्येक प्रसंग पावसात घडतोय असं वाटावं. पोस्टरवर एकच तोंड. लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, लांबोडकं कपाळ. मालकानं मला तेच तोंड बोर्डावर हातभर मोठं काढायला लावलं. सुळ्यांवरनं गेरूचे थेंब सांडायला लावले. खाली "फक्त प्रौढांसाठी" असं लिहायला लावलं, आणि मी चौदा वर्षांच्या हातानं ते वळणदार लिहिलं.

अडचण आली ती भुताच्या जातीची. आमच्याकडं भुतांना तोटा नव्हता. पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ, वेशीबाहेर वेताळ, शिवाय खवीस. पण दिवसा पेटीत झोपणारं, रात्री वटवाघूळ होऊन उडणारं आणि माणसाच्या मानेतनं रक्त पिणारं भूत आमच्या पंचक्रोशीत कुणाला लागलेलं ऐकिवात नव्हतं. मी मालकाला विचारलं, "काय म्हणून सांगू?"

"ड्राकुला म्हण."

"ड्राकुला म्हंजी?"

"तुला कळायची गरज न्हाई. त्यांनाबी न्हाई. नुसता शब्द खणखणीत यायला पायजे."

मग त्यानं मला वाक्यं पाठ करून घेतली. ती अजून पाठ आहेत. "पाहा, पाहा, पाहा! माणसाचं रक्त पिणारा सैतान! काळजाचा थरकाप उडवणारा ड्राकुला! हा पिक्चर एकट्यानं बसून पुरता बघणाऱ्यास रोख पाचशे एक रुपये बक्षीस! कमजोर काळजाच्या माणसांनी आणि पोटुशी बायांनी तंबूत येऊ नये. आल्यास, आणि काही बरंवाईट झाल्यास, मालक जबाबदार नाही!"

पाचशे एक रुपयांचं ऐकून दुसऱ्याच तासाला वरच्या वस्तीवरचा एक मेंढका घोंगडं झाडत तंबूकडं आला. तो रोज रात्री रानात एकटाच झोपायचा. त्याला एकट्यानं बघायला काहीच वाटणार नव्हतं. मालकानं त्याला शांतपणे सांगितलं, "एकट्यानं बगायचं म्हंजी तंबूत दुसरं कुनी नसलं पायजे. तर सगळ्या तंबूची तिकिटं तूच काढ." मेंढका जरा वेळ हिशेब करत उभा राहिला आणि निघून गेला. मालक माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. मला तेव्हा तो फार हुशार माणूस वाटला होता.

नंतर मी त्याला विचारलं, "पिक्चरची श्टोरी काय हाय?" तो म्हणाला, त्यानं पहिली दोन रिळं कधीच बघितलेली नाहीत, त्या वेळी तो तिकिटाच्या खिडकीत असतो. "पण दात हायत. दाताची ग्यारंटी."

दुपारी टेंपो आमच्या वाडीत आला. आपल्याच दारात आपला आवाज भोंग्यातनं मोठा होऊन ऐकायचा, या कल्पनेनं मला सकाळपासून गुदगुल्या होत होत्या. घरासमोरच्या चिंचेखाली ड्रायव्हरला मुद्दाम थांबवलं. सोप्यावर आजी होती. अंगणात काकी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि तिच्यासमोर वरल्या आळीची म्हातारी बसली होती. मी सगळं साग्रसंगीत म्हटलं. "पोटुशी बायांनी तंबूत येऊ नये" यावर तर खास जोर दिला, कारण ते वाक्य मला सगळ्यांत धाडसाचं वाटायचं.

म्हातारी फिदीफिदी हसली. काकीकडं वळून म्हणाली, "तुला ग बाई कसली बंदी? तू जा की बिनघोर."

आजीही हसली. काकीही हसली. ती हसली ते मला सगळ्यांत लक्षात आहे, कारण हसताना तिनं हातातली शेंग फोडली आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकले, टरफलं सुपात. मग दोन्ही तशीच राहू दिली.

काकी माझी धाकटी चुलती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. घरात पाळणा हलला नव्हता. हे असं एका ओळीत सांगता येतं, पण त्या अकरा वर्षांत काय काय झालं होतं ते सांगायला बसलं तर रात्र पुरणार नाही. शिंगणापूरच्या महादेवाला झालं. पालीच्या खंडोबाला झालं. गावातल्या देवीच्या झाडाला तिनं बांधलेले चिंधीचे पाळणे पावसानं कुजून गळून पडले आणि पुन्हा बांधले गेले. सोमवार, शनिवार, एकादशी, सगळे उपास. बारशाचं आमंत्रण यायचं, पण पाळण्याची दोरी कुणी तिच्या हातात द्यायचं नाही. तिची वेळ आली की दोरी हळूच पुढच्या बाईकडं जायची. तालुक्याच्या एका डॉक्टरनं दोघांनाही तपासायला हवं म्हणून सांगितलं होतं. आजी म्हणाली, "बाप्या मानसाची कसली तपासनी?" आणि तो विषय तिथंच मिटला. काकांसाठी दुसरी बघायची, ही गोष्ट घरात उघड बोलली जायला लागली होती. काका त्यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ते उठून बैलाकडं जायचे.

आणि त्या महिन्यात हे नवीन निघालं होतं. वरल्या आळीच्या म्हातारीनं आणलेलं. घाटापल्याड डोंगरात कुणी बाबा होता. त्याच्या मठीत बाईनं अमावास्या धरून तीन रात्री राहायचं. नवऱ्यानं सोबत जायचं नाही. म्हातारी घेऊन जाणार होती. तिथं काय विधी असतो, हे सांगायचं नसतं, सांगितलं तर फळ मिळत नाही. जत्रा पुनवेला, म्हणजे अमावास्या पंधरा दिवसांवर. आजीनं एका नव्या लुगड्याचे आणि नारळाच्या तोरणाचे पैसे काढून ठेवले होते. मला हे सगळं कानावर होतं, पण पोरांच्या कानावर जसं असतं तसं. ऐकू येतं, आत जात नाही.

रात्री दहाचा खेळ. फुकट पास असल्यानं घरातली सगळी आली. आजी नाही आली, तिला देवळात कीर्तन होतं. मला नोकर म्हणून ट्रकपाशी उभं राहायची मुभा होती. तिथनं चादरीच्या दोन्ही बाजू दिसायच्या. बाप्यांच्या बाजूला काका घोंगडं पांघरून बसले होते. बायांच्या बाजूला, खांबाला टेकून, काकी. शेजारी वरल्या आळीची म्हातारी.

मी दातांची वाट बघत होतो. सगळी पोरंही. पण पिक्चर सुरू झाला आणि थोड्याच वेळात पडद्यावर आली एक हवेली आणि तिथली ठकुराइन. लग्न होऊन वर्षं लोटलेली, मूल नाही. हवेलीला वारस नाही. चांगल्या घरातली, चांगल्या कपड्यातली बाई, आणि सगळ्या हवेलीत तिला नीट बसायला जागा नाही असा तिचा चेहरा. तिची एक नोकराणी असते, महुआ. ते काम अरुणा इराणीनं केलंय. ती मालकिणीच्या कानाशी लागते. गोड बोलते. काळी पहाडीवर चला म्हणते, तिथं तुमची कूस उजवेल.

बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "अय, दात दाखव!" हशा झाला.

पण बायांच्या बाजूला एक वेगळीच गोष्ट झाली. तिथली कुजबुज थांबली. जत्रेच्या तंबूत बाया कधी गप्प नसतात. पोरं रडत असतात, त्यांना पाजणं चालू असतं, शेंगा फुटत असतात, कोण कुणाची हे सांगणं चाललेलं असतं. 'माहेरची साडी'ला तर हुंदक्यांनी पडदा हलत होता. इथं रडणंही नव्हतं. सगळ्या जणी नुसत्या बघत होत्या, जसं शेजारच्या घरातलं भांडण कुडाच्या फटीतनं बघावं.

ठकुराइन काळी पहाडीवर जाते. तिथं तो असतो, नेवला त्याचं नाव. दिवसा शवपेटीत, रात्री वटवाघूळ. अट एकच. मुलगा झाला तर तुझा. मुलगी झाली तर ती इकडं आणून द्यायची.

त्यावर चादरीपलीकडनं एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! हितंबी तसंच!"

दुसरी म्हणाली, "सैतानाला तरी पोरगी पायजे म्हन. आमच्यात कुनाला नगं."

थोडं हसू आलं, पण ते वर चढलं नाही. मी भोंग्यावर तीन दिवस इतकं ओरडलो होतो, त्यात या अटीचा उल्लेख कुठंच नव्हता. त्या बोर्डावर तर एवढ्या मोठ्या दातांमागं ही बाई कुठं मावलीच नव्हती. मी काढलेल्या चित्राकडं बघून आत आलेल्या बायांना आत वेगळंच माणूस भेटलं होतं.

मग एकदाचे दात आले. पेटीचं झाकण सरकलं, तो उठून उभा राहिला. इतका उंच, की पडदा त्याला आखूड पडतोय असं वाटावं. पोरं किंचाळली. मीही दचकलो. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "ह्यो पेटीत का निजतुय रं? थंडी वाजती काय त्येला?" आम्ही माणसं जाळणारे. मेलेला माणूस पेटीत नीट ठेवला जातो आणि तिथनं परत उठतो, हे त्या म्हाताऱ्याला कुणी पटवू शकलं नाही. आमची भुतं राखेतनं आलेली, त्यांना झाकण लागत नाही.

मुलगी झाली. आणि ठकुराइन ती द्यायला तयार होईना. त्या वेळी मी काकीकडं बघितलं. ट्रकवरच्या दिव्याची तिरीप तिच्यावर पडली होती. तिचा हात शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्याशी होता, तो तिनं काढून घेतला आणि दोन्ही हात आपल्याच पदरात गुंडाळून घेतले. एवढंच झालं.

पुढं ठाकूर जाऊन पोरगी सोडवून आणतो. ती मोठी होते, मग तिचं प्रेम, त्याचं दुसरीवर प्रेम, मग काळी जादू, गाणी, पुन्हा काळी पहाडी. तिथनं बाप्यांची बाजू जागी झाली, शिट्ट्या वाजायला लागल्या. आणि बायांच्या बाजूला शेंगा फुटायला लागल्या, पोरं रडायला लागली, कोण कुणाची ते सुरू झालं. त्यांच्यापुरता पिक्चर संपला होता. मालकाला हे सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. त्याच्या लेखी ती पहिली दोन रिळं म्हणजे लोक आत येऊन बसेपर्यंतचा वेळ.

खेळ सुटला तेव्हा एक वाजून गेला होता. चांदणं टिपूर. ओढ्यातनं घराकडं येताना काका पुढं, पोरं मधे, काकी मागं. मी तिच्या बरोबरीनं चालत होतो, कारण मला शाबासकी हवी होती. म्हटलं, "काकी, भ्याली का?"

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू दुपारी भोंग्यावर काय काय वरडत हुतास. त्यातलं कुटं हुतं रं त्यात?"

"दात हुतं की. रगात पीत हुता की."

"त्ये न्हवं. त्यात एक बाई हुती. तिचं का न्हाई सांगितलंस?"

मी म्हणालो, मालकानं सांगितलं नव्हतं.

"पोटुशा बायांनी येऊ नगा म्हनं," ती स्वतःशीच म्हणाली. "त्यांस्नी कसलं भ्या? ज्यांस्नी भ्या हाय, त्यांस्नी आत बोलावलंस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ती पुढं झाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बोलणं निघालं. वरल्या आळीची म्हातारी एसटीची वेळ ठरवायला आली होती. काकी तव्यावर भाकरी टाकत होती. भाकरी उलटून ती म्हणाली, "म्या न्हाई जायची."

आजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुटं?"

"तकडं. घाटापल्याड."

"का?"

"काळी पहाडी हाय ती. म्या बगितलीया."

म्हातारी उसळली. देवाच्या कामाला सैतानाचं नाव घेते म्हणाली. आजी म्हणाली, "पिच्चर बगून कुनी घर चालवतं का? आँ?" मग जे नेहमीचं होतं ते झालं. वांझ हा शब्द निघाला. दुसरी बघायची, हे निघालं. काकी भाकऱ्या थापत राहिली. मी उंबऱ्यात उभा होतो, हाताला कालचा गेरू तसाच. काका न्हाणीतनं तोंड पुसत आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते नेहमीप्रमाणं बैलाकडं निघाले. दारात थांबले. मागं न बघता म्हणाले, "न्हाई म्हनती तर न्हाई," आणि गेले.

ते काल रात्री चादरीच्या या बाजूला बसलेले होते, हे मला तेव्हा आठवलं. शिट्ट्यांच्या बाजूला.

त्या दिवशी दुपारी पुन्हा टेंपो. मालकानं 'बंद दरवाजा' गर्दीमुळं अजून एक रात्र ठेवला होता. मी पाहा पाहा म्हटलं, सैतान म्हटलं, पाचशे एक म्हटलं. पोटुशी बायांचं वाक्य आलं तेव्हा घशात अडकलं. तेवढं गाळून पुढं गेलो. पुढच्या वाडीवरही गाळलं. ड्रायव्हरनं संध्याकाळी मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "त्ये का सोडलंस? त्याच वाक्यावर बाया येत्यात." मी घसा बसलाय म्हणालो. त्यानं दोन रुपये कापले. तेरा रुपये मिळाले त्या दिवशी.

पुढं मी नोकरीसाठी पुण्याला आलो, आणि या पिक्चरवाल्यांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. रामसे कुटुंबाच्या धंद्याची सुरुवातच मोठी मासलेवाईक आहे. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा पिक्चर काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. तुलसी आणि श्याम यांच्या लक्षात आलं, की लोक तेवढ्या प्रसंगासाठी थेटरात येतात. बाकी गोष्टीचं त्यांना काही नाही. मग त्यांनी नुसत्या भीतीचाच पिक्चर करायचा ठरवलं. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी सगळं कुटुंब गाडीत घालून, आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला येऊन चित्रित केला. पुढं १९८४ च्या 'पुराना मंदिर'नं पैशाचा पाऊस पाडला. त्यातला राक्षस सामरी, आणि आमच्या तंबूतला नेवला, दोन्ही एकच माणूस. अनिरुद्ध अगरवाल. रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनियर. हे वाचून मला हसू आलं होतं. मी गेरूनं ज्याचे सुळे रंगवत होतो, तो पूल बांधायचं शिकलेला होता.

रामशांचा हिशेब मालकाला बरोबर कळला होता: लोक मुखवट्यासाठी येतात. शहरातल्या थेटरांत तो खराही ठरला असेल. आमच्या तंबूत निम्मे लोक मुखवट्यासाठी आले आणि निम्मे भलत्याच गोष्टीसाठी बसून राहिले, आणि ती गोष्ट रामशांनी तरी मुद्दाम ठेवली होती का, याची मला शंका आहे. कारण पिक्चर म्हणून तो काही फार थोर नाही. ठकुराइनीला तो पुढं सोडूनच देतो. जी पोरगी इतक्या हालांनी आली तीच पुढं काळ्या जादूच्या नादी लागते. म्हणजे अशा नवसाची पोरगी वाईटच निघायची, असाही अर्थ कुणी काढू शकेल. तो मला आवडत नाही. आजीनं पिक्चर बघितला असता तर तिनं तोच काढला असता.

काकीला मूल झालं नाही. काकांनी तपासणी शेवटपर्यंत केली नाही, आणि दुसरी केली नाही. आजी गेली तेव्हा तिचं सगळं काकीनंच केलं. वरल्या आळीच्या म्हातारीनं त्या पौषानंतर कुणा दुसरीला घाटापल्याड नेलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परवा दिवाळीत गावी गेलो होतो. काकी आता साठीला आलीय, गुडघे दुखतात, संध्याकाळी सोप्यावर पाय पसरून बसते. पोरं मोबाईलवर काहीबाही बघत होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी शोधलं आणि 'बंद दरवाजा' लागला. म्हटलं, "काकी, आठवतो का? जत्रेतला?" तिनं चष्मा लावला.

सुरुवातीची अर्धी-पाऊण घटका तिनं एकटक बघितलं. मधे एकदा महुआ बोलत होती तेव्हा म्हणाली, "ही बग. ही. कशी ग्वाड बोलती." ठकुराइन पोरगी द्यायला नाही म्हणाली, तेव्हा काकीनं मान हलवली. मग गाणं लागलं तसा तिनं मोबाईल माझ्याकडं सरकवला. "आता बास. मोरं नुसती मारामारी हाय."

मी मागं जाऊन पिक्चर बंद केला. पडद्यावर पुन्हा ते पोस्टरचं चित्र आलं, तेच तोंड, तेच लाल डोळे, सुळ्यांचं. तीस वर्षांनीही विकायला तेच. काकीनं चष्मा काढता काढता वाकून बघितलं आणि विचारलं,

"ह्यो कोन रं दातवाला? ह्यो हुता व्हय त्यात?"